पडद्यावरचा आखाडा आणि वस्तादाचा धाक

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत उचगाव वसले आहे. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची घाऊक कापडपेठ, आणि महामार्गाने थोडे पुढे-मागे गेले की शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती. अशा परिसरात घराघरांतून व्यापाराचीच भाषा कानी पडावी, यात नवल नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे, दुकान वाढवताना दिवसाचा हिशेब जुळवावा आणि मग सर्वांनी घटकाभर एकत्र बसावे, ही येथील जैन व्यापारी कुटुंबांची जुनी रीत. अलीकडे या रीतीतून घरातला एक सभासद गळू लागला आहे. खाली रोजमेळ लिहिला जात असताना वरच्या खोलीत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कानांवर हेडफोन चढवून पडद्यासमोर बसलेला असतो. तो केवळ खेळत नाही, सराव करीत असतो. त्याचा संघ असतो, संघाला प्रशिक्षक असतो आणि त्या प्रशिक्षकाचा आवाज कधीकधी हेडफोनमधून बाहेरही ऐकू येतो.

हे चित्र एखाद्या विशिष्ट घराचे नाही. उचगावात, जयसिंगपुरात, सांगलीत किंवा इचलकरंजीत ते थोड्याफार फरकाने सारखेच आहे. पूर्वी पालकांपुढे प्रश्न एकच होता, तो म्हणजे हा नाद सुटणार कसा. आता त्यात दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाची भर पडली आहे. अर्धवट लोटलेल्या दारातून प्रशिक्षकाचे अपमानकारक शब्द ऐकू येतात, मुलगा मान खाली घालून गप्प बसलेला दिसतो, आणि जिन्यात उभ्या असलेल्या वडिलांना कळत नाही की दार ढकलून आत जावे, की शिस्त लागते आहे असे समजून माघारी फिरावे.

या प्रश्नाचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. कारण कडक गुरूविषयीचा आदर कोल्हापूरच्या मातीतच मुरलेला आहे.

खेळ, छंद आणि जुगार

ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर नियमबद्ध रीतीने, संघ करून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांचा समावेश प्रात्यक्षिक म्हणून झाला आणि भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांसारख्या बुद्धीच्या खेळात भारतासाठी कांस्यपदक मिळविले. त्यानंतरच्या हांगझोऊ येथील स्पर्धेत, म्हणजे २०२३ साली, ई-स्पोर्ट्सची पदके अधिकृत पदकतालिकेत धरली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने हा विषय युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने तर स्पष्ट रेषाच ओढली. एका बाजूला ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आणि दुसऱ्या बाजूला पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

सप्तव्यसनांत द्यूताला पहिले स्थान देणाऱ्या समाजाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. मुलगा काय खेळतो आहे, यात पैसा लावला जातो की कौशल्य, हे पाहणे ही पहिली पायरी. पैसा लागत असेल, तर पुढचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. तो खरोखरच स्पर्धात्मक खेळ असेल, तर त्याचे शिक्षण कसे होते, हे पाहावे लागते.

हे शिक्षण बाहेरून वाटते तेवढे सैल नसते. संघ दुसऱ्या संघाशी सराव सामने खेळतो, त्याला ‘स्क्रिम’ म्हणतात. सामन्याचे रेकॉर्डिंग मग सर्वांना बसवून दाखविले जाते. कोण कुठे चुकला, कोणी माहिती वेळेवर दिली नाही, कोणी अधीर होऊन पुढे धाव घेतली, हे क्षणाक्षणाने तपासले जाते. व्यावसायिक संघांत हा क्रम दिवसाचे दहा-बारा तास चालू शकतो. सराव बहुधा संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत लांबतो, कारण शाळा-महाविद्यालये आटोपून सर्व खेळाडू तेव्हाच मोकळे होतात. कारकीर्दही लहान असते. सोळाव्या-सतराव्या वर्षी संघात आलेला खेळाडू पंचविशीत बुजुर्ग गणला जातो. थोडा काळ, मोठी स्पर्धा आणि बदलीसाठी रांगेत उभी असलेली शेकडो मुले, अशा स्थितीत प्रशिक्षकाच्या हाती फार मोठी सत्ता येते. ती कशी वापरायची, याचे प्रशिक्षण मात्र त्याला क्वचितच मिळालेले असते. बहुतेक प्रशिक्षक हे चार-पाच वर्षांपूर्वीचे खेळाडूच असतात. त्यांना जे सोसावे लागले, तेच ते पुढे देतात.

तालमीचा वारसा

कोल्हापूरला ही सत्ता अपरिचित नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे घेतली की वस्तादाची मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहते. पहाटे चारला उठायचे, जोर-बैठका मारायच्या, लाल माती खणायची, मग लढती. वस्तादासमोर बसायचे नाही, उलट बोलायचे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाने १९१२ पासून या शिस्तीची फळे पाहिली आहेत. १९६० साली हिंदकेसरी ठरलेले आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून लढलेले गणपतराव आंदळकर पुढे याच नगरीत अनेक मल्लांचे गुरू झाले. धाक नसता तर ही परंपरा टिकली असती का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो सहज उडवून लावण्यासारखा नाही.

मुंबईच्या क्रिकेटमधूनही असाच दाखला दिला जातो. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकर यांना घडविले. सरांनी ठरवून दिलेला सराव सामना टाकून शाळेच्या मोठ्या संघाचा अंतिम सामना पाहायला गेलेल्या लहानग्या सचिनला सरांची चपराक बसली होती. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजविण्यापेक्षा दुसऱ्यांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळावे, हा त्या चपराकीमागचा धडा होता, असे तेंडुलकर यांनीच वारंवार सांगितले आहे. ही आठवण आजही अनेक प्रशिक्षक आपल्या कठोरपणाच्या समर्थनार्थ सांगतात.

परंतु ही आठवण सांगताना तिचा दुसरा भाग गाळला जातो. हेच आचरेकर सर यष्टींवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजांनी बाद केले तर ते नाणे त्यांचे, सत्र संपेपर्यंत बाद न झाल्यास सचिनचे. अशी मिळविलेली तेरा नाणी तेंडुलकर यांनी आयुष्यभराचा ठेवा म्हणून जपली. सर मुलाला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, जेणेकरून त्याला दिवसभरात अधिक सामने खेळायला मिळावेत. चपराक एकदाची होती, स्कूटरवरची सोबत मात्र वर्षानुवर्षांची. ज्याच्याजवळ केवळ चपराक आहे, त्याने आचरेकरांचे नाव घेण्यात अर्थ नाही.

तालमीतही तेच दिसते. वस्ताद रागावतो, पण तो स्वतः पहाटे मुलांच्या आधी उठलेला असतो. मल्लाच्या खुराकाची चिंता त्यालाच असते. दुखापत झाली तर मालिश करणारे हातही त्याच्याच तालमीतले असतात. खाशाबा जाधव यांच्या कहाणीत तर ही दुसरी बाजू लख्ख दिसते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा कमी पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्याच हेलसिंकीत एका लांबलेल्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता खाशाबांना लगेच पुढच्या कुस्तीला उभे करण्यात आले, आणि त्यांच्या बाजूने तक्रार मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता. दमलेल्या देहाने ते लढले आणि कांस्यपदक घेऊन परतले. खेळाडूच्या मागे उभे राहणारे एक मोठे माणूस असणे आणि नसणे यातले अंतर या दोन प्रसंगांवरून मोजता येते. शिस्त लावण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आधी हे मागे उभे राहण्याचे काम करावयाचे असते.

कोरियाचा धडा

ई-स्पोर्ट्सचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या दक्षिण कोरियात या सत्तेचा कडेलोट २०१९ साली जगाने पाहिला. ‘ग्रिफिन’ नावाचा तरुण संघ ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळात झपाट्याने वर आला होता. जागतिक स्पर्धेच्या तोंडावर संघाने आपल्या मुख्य प्रशिक्षकाला दूर केले. त्यानंतर त्या प्रशिक्षकाने उघड केले की संघाच्या व्यवस्थापनाने एका अल्पवयीन खेळाडूवर दबाव आणून त्याला चीनमधील संघाशी दीर्घ मुदतीच्या करारास भाग पाडले. देशभर खळबळ माजली. पण त्याच वेळी संघातील एका खेळाडूने त्याच प्रशिक्षकावर शिवीगाळीचे आणि अंगावर हात टाकल्याचे आरोप केले. लीगने संघाला दंड ठोठावला आणि प्रशिक्षकालाही अनिश्चित काळासाठी निलंबित केले. त्यावर सरकारकडे गेलेल्या निवेदनावर दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि ते निलंबन स्थगित ठेवावे लागले.

या प्रकरणात नायक कोण आणि खलनायक कोण, हे ठरविणे सोपे नाही, आणि म्हणूनच ते बोधप्रद आहे. एका मुलाच्या हक्कासाठी आवाज उठविणारा माणूसच दुसऱ्या मुलाशी कठोर वागल्याच्या आरोपात सापडू शकतो. प्रशिक्षक चांगला माणूस आहे, एवढ्यावर विसंबून मुलांचे रक्षण होत नाही. त्यासाठी नियम लागतात. कोरियाने ते केले. २०२० साली तेथील सरकारने ई-स्पोर्ट्स खेळाडूंसाठी प्रमाणित करारपत्रे जाहीर केली, आणि त्यात अल्पवयीन खेळाडूंसाठी स्वतंत्र पुरवणी करार होता.

चीनमधील एका उदाहरणाचाही येथे उल्लेख करावा लागेल. ‘उझी’ या नावाने जगभर ओळखला जाणारा जियान झिहाओ हा खेळाडू जून २०२० मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी निवृत्त झाला. कारण होते मधुमेह आणि हाताची दुखापत. वर्षानुवर्षांचे जागरण, अनियमित जेवण आणि ताण यांचा हिशेब शरीराने तेविसाव्या वर्षीच मांडला. पुढे तो काही काळ खेळात परतला, परंतु त्याची निवृत्ती आशियातील असंख्य पालकांच्या मनात घर करून राहिली.

धाकाने काय बिघडते

कठोर प्रशिक्षणाचे समर्थक म्हणतील की मैदानात दयामाया नसते, तेव्हा सरावातच मन घट्ट झाले पाहिजे. या म्हणण्यात तथ्य आहे. ताण सोसण्याची सवय लागते आणि ती लावावीच लागते. प्रश्न आहे तो अपमानाने ती सवय लागते का, हा.

या खेळांचे स्वरूपच असे आहे की संघातील चार-पाच जणांनी सतत एकमेकांना माहिती द्यावी लागते. शत्रू कोठे दिसला, कोणाची साधने संपली, कोणी आधार द्यावा, हे क्षणार्धात बोलावे लागते. अनेक स्पर्धांत सामना चालू असताना प्रशिक्षकाला केवळ ठरावीक विश्रांतीच्या वेळीच बोलता येते. निर्णय मुलांनीच घ्यायचे असतात. ज्या मुलाला चुकीबद्दल चारचौघांत अपमान सहन करावा लागतो, तो हळूहळू दोन गोष्टी शिकतो. एक, चूक लपवावी. दोन, निर्णय दुसऱ्याने घेईपर्यंत थांबावे. या दोन्ही सवयी पराभवाच्या आहेत.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना चमत्कारिक वाटणारी गोष्ट आढळली. चांगले काम करणाऱ्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या निर्भयपणे सांगितल्या जात होत्या, आणि म्हणून सुधारल्याही जात होत्या. ज्या पेढीवर नोकर नुकसान झाल्याचे मालकाला सांगायला घाबरतो, त्या पेढीचे दिवाळे शेवटी मालकालाच सर्वांत उशिरा कळते. व्यापाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते.

डेन्मार्कच्या ‘अ‍ॅस्ट्रालिस’ या संघाचा इतिहास याच दिशेने बोलतो. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात हा संघ गुणवान होता, पण मोक्याच्या क्षणी ढासळण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. २०१६ मध्ये संघाने मिया स्टेलबर्ग या क्रीडा मानसशास्त्रज्ञ महिलेची मदत घेतली. झोप, व्यायाम, श्वास आणि परस्पर संवाद यांकडे लक्ष दिले गेले. जानेवारी २०१७ मध्ये अटलांटा येथे संघाने पहिली ‘मेजर’ स्पर्धा जिंकली आणि २०१९ अखेर एकूण चार. सराव कमी झाला नव्हता, मात्र सरावातील भीती कमी झाली होती.

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. डोळा, बोट आणि स्थिर मन यांवर चालणारा नेमबाजी हा खेळ कोल्हापूरने आपला मानला आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथे जागतिक विजेतेपद मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये आशियाई सुवर्णपदक जिंकले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. त्यांच्या प्रशिक्षिका दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या नेमबाज. नेमबाजीत रागाला जागाच नसते. नाडीचा एक जादा ठोका पडला तरी बंदुकीचे टोक हलते. दिवसच्या दिवस एकच आसन, एकच श्वास, एकच नेम साधायचा, यापेक्षा कडक शिस्त कोणती? तरीही या शिस्तीचा आवाज चढलेला नसतो. पडद्यासमोर बसलेल्या मुलाचा खेळ कुस्तीपेक्षा नेमबाजीला अधिक जवळचा आहे, हे त्याच्या प्रशिक्षकाने ओळखले पाहिजे.

श्रावकाच्या दृष्टीने

या प्रश्नाकडे पाहण्याची एक कसोटी आपल्या घरातच आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. आपल्या आश्रयाला असलेल्या जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याला पेलणार नाही एवढा भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडविणे. शेतकरी-व्यापारी श्रावकाच्या दारात बैल होते, गाडीवान होते, नोकर होते. त्यांच्याशी वागताना ही मर्यादा त्याला घालून दिली होती. आज मूल वाढवितानाही तीच मर्यादा लागू आहे. सोळा वर्षांच्या मुलाला मध्यरात्री दोनपर्यंत पडद्यासमोर बसविणे हे अतिभाराचे आरोपण आहे. सराव मध्ये थांबवता येत नाही म्हणून त्याचे जेवण चुकविणे हे अन्नपाणी अडविण्यासारखेच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणारा मुलगा संघात असेल, तर सरावाला अर्ध्या तासाची सवड देणारा प्रशिक्षक आणि त्याच नियमाची टवाळी करणारा प्रशिक्षक, या दोघांतील फरक पालकांनी पहिल्याच आठवड्यात ओळखावा.

वाणीचेही तसेच आहे. हितकारक, मोजके आणि मधुर बोलावे, ही भाषासमितीची शिकवण मुनींसाठी पूर्णत्वाने असली, तरी गृहस्थाला तिचा वारा लागू नये असे नाही. हितकारक बोलणे नेहमी गोड लागतेच असे नाही. जुन्या पेढीवरचा मुनीम नव्या पोराला रोजमेळ पै-पैशाने जुळेपर्यंत जागेवरून उठू देत नसे. खतावणीत खाडाखोड केली तर पान पुन्हा लिहायला लावी. ती कठोरताच होती. परंतु ती चुकलेल्या आकड्यावर होती. पोराच्या बापावर, त्याच्या बुद्धीवर किंवा त्याच्या चेहऱ्यावर ती घसरत नसे. काम तपासणारी कठोरता मुलाला कारागीर करते. माणूस तपासणारी कठोरता त्याला एकतर भित्रा करते, नाहीतर पुढचा जुलमी करते.

खेळाच्या आशयाविषयीही श्रावक पालकाला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अनेक लोकप्रिय खेळांत गोळीबार असतो. तेथे प्रत्यक्ष जीवहिंसा नसली, तरी भावहिंसेचा विचार आपली परंपरा सोडत नाही. म्हणून काही घरे असे खेळ नाकारतील आणि तो त्यांचा अधिकार आहे. येथे एवढे ध्यानात ठेवावे की ई-स्पोर्ट्स म्हणजे केवळ गोळीबार नव्हे. बुद्धिबळ, फुटबॉल, मोटारशर्यत असेही प्रकार त्यात येतात. २०२५ साली रियाध येथील ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळाचा समावेश झाला होता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तर पबजी या खेळाचीही निराळी आवृत्ती खेळविली गेली. तीत खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नसत, तर शर्यत करीत ठरावीक लक्ष्यांवर नेम धरीत. विचार केला तर खेळाचे रूपही बदलता येते, असा याचा अर्थ.

सौदा करण्यापूर्वी

व्यापारी माणूस माल, बाजार आणि समोरची व्यक्ती पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. मुलाला संघात पाठविताना मात्र हीच सावधगिरी अनेकदा विसरली जाते. पहिली बाब कराराची. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य मानला जातो. म्हणून अठरा वर्षांखालील मुलाची सही घेऊन कोणी संघ त्याला बांधू पाहत असेल, तर तो कायद्याच्या बाहेर चालला आहे. पालकाने स्वतः सही करताना मुदत, बक्षिसातील वाटा, संघ सोडण्याची रीत आणि शिक्षणासाठी राखलेला वेळ, या चार गोष्टी कागदावर वाचल्याखेरीज लेखणी उचलू नये.

दुसरी बाब सुरक्षिततेची. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली मूल आहे, अशा व्यक्तीने त्याला मारहाण केली किंवा त्याला शारीरिक अथवा मानसिक त्रास होईल असे वागविले, तर तो गुन्हा ठरतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सराव-शिबिरासाठी मूल परगावी राहत असेल, तर तेथील जबाबदार व्यक्ती कोण, हे पालकांना माहीत हवे. सरावाच्या वेळी पालकाने आवाज ऐकला तर चालेल का, असा साधा प्रश्न प्रशिक्षकाला विचारून पाहावा. ज्याच्या वागण्यात लपविण्यासारखे काही नाही, तो आनंदाने हो म्हणेल.

तिसरी बाब आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला असून ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, ही त्याची लक्षणे. सामान्यतः वर्षभर ती दिसली तर निदान केले जाते. मेहनती खेळाडू आणि व्यसनी मूल यांतला फरक येथे कळतो. खेळाडू सराव संपल्यावर उठू शकतो.

शेवटची बाब घराची. प्रशिक्षकाच्या कठोर शब्दांनी जखमी झालेले मूल बहुधा घरी काही बोलत नाही, कारण बोलले तर खेळच बंद होईल अशी त्याला धास्ती असते. ‘म्हणून सांगत होतो, सोड तो नाद’, हे घरचे ठरलेले उत्तर त्याला पाठ असते. ज्या घरात मुलाला तक्रार केल्याची शिक्षा म्हणून खेळ गमवावा लागत नाही, त्याच घरात तक्रार ऐकू येते.

क्षमेची कसोटी

दशलक्षण पर्वाची सुरुवात उत्तम क्षमेने होते आणि पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी लहानमोठे सर्व जण एकमेकांची क्षमा मागतात. त्या दिवशी आजोबा नातवासमोर हात जोडतात, मालक नोकरासमोर हात जोडतो. वयाने, पैशाने किंवा अधिकाराने मोठा असलेल्याने लहानासमोर वाकावे, ही आपल्या परंपरेने जगाला दिलेली थोर देणगी आहे. क्षमेनंतर लगेच मार्दव येते. मृदू होणे म्हणजे दुबळे होणे नव्हे, हे दहा दिवस ऐकणाऱ्या समाजाला निराळे सांगायला नको.

तेव्हा प्रशिक्षक पारखण्याची एक साधी कसोटी याच परंपरेतून मिळते. चढ्या आवाजात बोलल्यानंतर, चूक आपली होती हे कळल्यावर, तो आपल्या सोळा वर्षांच्या खेळाडूला ‘माझे चुकले’ असे म्हणू शकतो का? जो म्हणू शकतो, त्याची कठोरता बहुधा कामाची असते. जो कधीच म्हणू शकत नाही, त्याची कठोरता त्याच्या अहंकाराची असते, मग त्याचा संघ कितीही सामने जिंको.

हीच कसोटी जिन्यात उभ्या असलेल्या वडिलांनाही लागू पडते. दार ढकलून आत गेल्यावर त्यांनी कोणावर ओरडण्याची गरज नाही. मुलाच्या शेजारी एक खुर्ची ओढून बसावे, सराव संपेपर्यंत थांबावे, आणि हेडफोन खाली ठेवल्यावर त्याला विचारावे की आज नेमके काय घडले. कदाचित मुलगा सांगेल की चूक त्याचीच होती आणि प्रशिक्षक योग्य तेच बोलत होता. कदाचित तो काहीच सांगणार नाही आणि वडिलांना दुसऱ्या दिवशीही त्याच खुर्चीवर बसावे लागेल. हेलसिंकीच्या आखाड्यात खाशाबांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. उचगावातल्या वरच्या खोलीत ती उणीव राहू नये, एवढे तर घराच्या हाती आहे.